शेवटच्या चौकोनातली चप्पल

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या माझ्या घरी माझे वडील अण्णा सहा महिने राहिले आणि सहाही महिने त्यांनी राजसचं नाव काढलं नाही. राजस माझा धाकटा भाऊ. तोही अमेरिकेतच, कॅरीला असतो, आणि आई गेल्यापासून वडिलांशी एक शब्द बोललेला नाही. हट्टीपणात दोघेही एकमेकांना हार जाणार नाहीत. मध्ये मी, दोन्हीकडून बोलणी खाणारी. दोघांना एकदा माझ्या टेबलाशी जेवताना बघावं, एवढंच मला हवं होतं.

मार्चमध्ये अण्णांची परतीची तारीख जवळ आली तेव्हा मी इंटरनेटवरून विलायती कॉमिक्सचा एक खोका मागवला. लहानपणी नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरून आम्ही असलेच जुने अंक आणायचो. त्यातल्या खोडकर पोराचं इंग्रजी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून तो आमचा बंडू. बंडू दर आठवड्याला कुणाच्या तरी टोपीत बेडूक सोडायचा आणि शेवटच्या चौकोनात बापाच्या चपलेचा मार खायचा. राजस त्या चौकोनावर कोरा कागद चिकटवून आपलं चित्र काढायचा. बंडू कौलांवर, बाप खाली. आमच्या क्वार्टरला कौलं नव्हती. राजसला पळायला जागा नव्हती, आणि अण्णांचा हात जड होता.

खोका राजसला पाठवायचा होता. बंडूला पाहून तरी विरघळेल, फोन करील, असा माझा वेडा हिशेब. पण मी ऑफिसातून येईपर्यंत अण्णांनी तो उघडून अंक वर्षांप्रमाणे लावलेही होते.

"वसू, इथून पुढे बाप मारत नाही," एक अंक दाखवत ते म्हणाले. "का गं?"

"बंद केलं त्यांनी. काळ बदलला. पोरांना मारलेलं लोकांना बघवेना."

"म्हणजे बंडूच्या बापाला कुणीतरी सांगितलं."

"सांगावं लागतं का, अण्णा?" माझा आवाज चढला. "आई तुमचा हात धरायची. ते सांगणंच होतं ना?"

ते एकेक अंक नीट खोक्यात ठेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी खोका कुरिअर केला. तेव्हापासून अण्णा घरभर अनवाणी फिरू लागले. बाहेर बर्फ, जमीन गार. मी ओरडले, मोजे आणून दिले, रबरी चपला शोधल्या. कुठेच दिसेनात.

"असू दे गं," एवढंच म्हणायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी राजसचा फोन आला.

"ताई, खोका मिळाला. शेवटचे अंक बघितले. यार, त्यात चप्पलच नाहीये."

"नाहीच आहे," मी म्हटलं आणि त्याला न विचारता स्पीकर चालू केला. "अण्णा इथेच बसलेत."

मला वाटलं, आता हा फोन ठेवणार. अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"राजस, माझ्या चपला मी गॅरेजमध्ये ठेवल्यात. वरच्या फळीवर, कपड्यात गुंडाळून. तू आलास तर दिसायला नकोत म्हणून."

मला रडू आवरेना. अण्णा फोनकडे बघत होते, आणि त्यांच्या पायांची बोटं गारठून आखडली होती.

मग राजसचा आवाज आला.

"अण्णा, तिकडे अजून बर्फ आहे ना? घाला त्या चपला. पाय गारठतील."