दोघांना दिसेल असा काटा

“थांब, थांब! भोक पाडू नकोस!” मोहनरावांनी नविनच्या ड्रिल मशीनपुढे हात आडवा घातला. “चौदा वर्षं ह्या डॅशबोर्डला मी ओरखडा पडू दिला नाही.”

“गाडी माझ्या नावावर आहे,” सरलाबाई म्हणाल्या. “तू पाड रे भोक.”

तलासरीच्या नाक्याजवळच्या गॅरेजात रविवारी सकाळी हा तमाशा चालला होता. नविन मशीन हातात धरून एकदा साहेबांकडे, एकदा मॅडमकडे बघत उभा होता. गाडीतलं पाणी किती तापलंय ते आकड्यात दाखवणारा एक गोल मीटर सरलाबाईंनी वापीहून मागवला होता. गाडीत कंपनीचा काटा होता, नाही असं नाही. पण त्याच्यावर आकडे नव्हते, आणि सरलाबाईंचा त्याच्यावरचा विश्वास पार उडाला होता.

“मॅडम, इकडे काचेच्या बाजूच्या खांबाला लावून देतो,” नविन म्हणाला. “भोक पण नको. डायवरला एकदम समोर दिसेल.”

“मधोमध लाव. दोघांना दिसला पाहिजे.”

“बाजूवाल्याला काय काम त्याचं?”

“साक्षीला,” सरलाबाई म्हणाल्या. मोहनराव नाकातून हसले आणि बाहेर जाऊन चहा मागवून बसले.

सरलाबाई उधव्याच्या पुढच्या पाड्यावर प्राथमिक शाळेत शिकवत. डहाणूहून तिथवर जायचं म्हणजे एस.टी., मग जीप, मग पायपीट. म्हणून त्यांनी स्वतःच्या पगारातून ही लहानशी पांढरी गाडी घेतली, स्वतः शिकल्या आणि वर्षानुवर्षं एकट्या चालवत राहिल्या. मागच्या उन्हाळ्यात मात्र उधव्याच्या अलीकडच्या चढावर गाडी धाडकन बंद पडली. इंजिन जळालं होतं. “काटा बघितला नाहीस?” घरच्यांनी विचारलं. “बघितला. आधी चढला, मग खाली गेला. खाली गेला म्हणून तर मी चालवत राहिले,” त्या म्हणाल्या, आणि सगळे फिदीफिदी हसले.

मोहनराव रेल्वेत सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना गोष्ट रंगवून सांगायची भारी हौस. साखरपुडा असो नाहीतर बारसं, पानं वाढून होईस्तोवर हे सुरू. “इंजिन जळतंय, आणि आमच्या मॅडम म्हणतात काटा खाली! पोरांना आकडे शिकवतात, पण वर कुठलं न् खाली कुठलं ते त्यांना कोण शिकवणार?” तेव्हापासून किल्ली त्यांच्या खिशात गेली. रोज ते बायकोला शाळेत सोडायचे आणि घ्यायला यायचे. “बाई, तुमचे डायवर आले,” असं पोरं ओरडायची. सरलाबाई पर्स मांडीवर घेऊन निमूट बसायच्या. मोहनराव हे सगळं प्रेमापोटी करत होते, आणि त्याचाच सरलाबाईंना जास्त संताप यायचा.

नविनने रेडिएटरचा वरचा जाड रबरी पाइप कापला, मधे धातूचा तुकडा बसवून त्यात सेन्सर पिळला आणि अर्थिंगची वायर गाडीच्या अंगाला जोडली. शेवटी डॅशबोर्डला भोक पाडलं. मोहनरावांनी बाहेरून डोळे मिटून घेतले.

“मॅडम, नव्वदपर्यंत टेन्शन नाय. शंभरच्या वर गेला का गाडी साइडला घ्यायची.”

“आणि हा काटा एक सांगेल, कंपनीचा दुसरं,” मोहनराव खिडकीतून म्हणाले. “मग ऐकायचं कोणाचं?”

“जो गाडी चालवतो त्याचं,” म्हणत सरलाबाईंनी हात पुढे केला. नविनच्या देखत नाही म्हणायची मोहनरावांना लाज वाटली. किल्ली हातावर आली.

नाक्यावर काळी भेटली. शाळेत खिचडी शिजवायची ती, बाजाराची पिशवी घेऊन जीपची वाट बघत होती. तिला घरी सोडायला म्हणून मागे बसवलं आणि गाडी उधव्याच्या रस्त्याला लागली.

“दुसरा टाक. अगं, क्लच सोड. समोर बघ,” मोहनरावांचं चालू झालं. सरलाबाईंनी तोवर तिसरा गिअर टाकलाही होता. गाडी त्यांना विसरली नव्हती, आणि त्या गाडीला. वर्षभराने हातात स्टिअरिंग आलं होतं, त्यांना गावंसं वाटत होतं.

चढ लागला तसा नवा काटा सरकायला लागला. पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव. कंपनीचा काटाही वर निघाला. सरलाबाईंनी बाजूला घ्यायला जागा बघितली, पण मागून रेतीचा ट्रक हॉर्न मारत होता. आणि एकाएकी नवा काटा थरथरला आणि घसरला. ऐंशी. साठ. कंपनीचा काटाही मुकाट्याने तळाला जाऊन बसला.

“उतरला!” मोहनरावांनी मांडीवर थाप मारली. “बघ, उगाच जीव खात होतीस. चल, दाब आता.”

असाच, अगदी असाच काटा मागच्या वर्षी उतरला होता. सरलाबाईंनी ट्रकची पर्वा न करता गाडी चढावरच कडेला घातली आणि इंजिन बंद केलं.

“अगं काय करतेस? काटा खाली आहे!”

“दिसला ना तुम्हाला?” सरलाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. “खाली आहे, दिसला ना? मग सांगा, मागच्या वर्षी मी खोटं बोलले का?”

मागून काळी म्हणाली, “बाई, पानी आटला का तपेला पन असाच गप होते. रटरट बंद झाली म्हंजे खाली लागला समजायचा.”

बॉनेट उघडलं. खालच्या पाइपची गंजकी क्लिप तुटली होती आणि रेडिएटर कोरडाठाक पडला होता. सेन्सरला पाणीच उरलं नव्हतं, तर तो ताप कशाचा सांगणार? मोहनरावांनी वाकून तुटकी क्लिप हातात घेतली. सिग्नल खात्यातल्या माणसाला याहून जास्त समजवायची गरज नव्हती.

इंजिन निवल्यावर त्यांनी पाइप जागेवर ढकलून तारेने करकचून आवळला. समोरच्या पाड्यावरच्या हापशावरून कॅन भरून आणला. ते पाणी ओतत असतानाच शाळेतले विनोद सर मोटारसायकल थांबवून हसले.

“काय काका, मॅडमनी परत जाळली वाटतं?”

सरलाबाई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिल्या. उत्तर द्यायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण आज ते त्यांचं काम नव्हतं.

मोहनरावांनी कॅन खाली ठेवला. “परत नाही,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी पण तिने नव्हती जाळली. पाणी संपलं की काटा खालीच येतो. मी उगाच तिला हसत होतो सगळ्यांत.”

विनोद सर ‘बरं, बरं’ करत निघून गेले.

“अजून एक कॅन लागेल,” सरलाबाई म्हणाल्या.

“अगं, भरलंय काठोकाठ.”

“लागेल.”

मोहनराव रिकामा कॅन घेऊन पुन्हा हापशाकडे चालायला लागले. ते पुरेसे लांब गेल्यावर सरलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. काळीने तोंड फिरवून शेताकडे बघायला घेतलं. चांगलं पोटभर रडून झाल्यावर सरलाबाईंनी आरशात बघून कुंकू सारखं केलं आणि इंजिन सुरू केलं.

मोहनराव कॅन घेऊन आले ते सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी. हात दाराला लागणार, तेवढ्यात ते थांबले. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेले.