तू चाल, मी बघते

मी एक जुना गेमपॅड आहे, आणि जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं दोन हजार चौदा सालच्या उन्हाळ्यात घडलं. तेव्हा मी असा विटलेला नव्हतो, मित्रांनो. रंग काळा कुळकुळीत, बटणं टणक, आणि पोटातली चिमुकली मोटर अशी तरतरीत की पडद्यावर नुसतं दार आपटलं तरी माझं सर्वांग थरथरायचं.

आधी माझी घडण सांगतो. दोन मुठींत मावेल एवढं माझं शरीर, आणि वर अंगठ्यांनी फिरवायच्या दोन आखूड दांड्या. डावी दांडी पुढे ढकलली की पडद्यावरचं माणूस चालतं. उजवी फिरवली की ते इकडेतिकडे बघतं. चालणं एका हातात आणि बघणं दुसऱ्या हातात, असा मी. कारखान्यात ज्या बाईने मला तपासलं तिने दोन्ही दांड्या गोल फिरवल्या, मला कानाशी धरून हलवलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, कसा शहाण्यासारखा गप्प आहे." आत काही सैल नाही, असा त्याचा अर्थ. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे खोका, दुकानातलं काचेचं कपाट, आणि मग वाढदिवसाची भेट म्हणून मी एका घरात आलो.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. गंमत अशी की घरातले बाबा लिफ्टच दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांची वरखाली जाण्याची सोय करायची आणि संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून स्वतः धापा टाकत जिना चढायचा. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मुलगी नुकतीच नववीत गेलेली. घाबरली की ती असा आवाज काढायची की शेजारी दार उघडून बघत, म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं होतं. आणि घरातलं चौथं माणूस म्हणजे आत्या, बाबांची मोठी बहीण. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून तिची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर ती भावाकडे राहायला आली. टिटवीची आणि तिची खोली एकच, आणि तीच माझीही.

आत्या त्याआधीच्या हिवाळ्यात जिन्यावरून पडली होती. जिन्यातला दिवा गेला होता, दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चाला. ती घरात काठी टेकत चालायचीही. पण बाहेरच्या उंबऱ्याशी आली की तिचे पाय जमिनीला खिळायचे. "उद्या बघू," म्हणायची आणि मागे फिरायची. असे कितीतरी उद्या येऊन गेले.

"ताई, मी उचलून नेतो तुला," बाबा म्हणायचे.

"मी काय कपाट आहे? आणि तू आधी तुझी कंबर सांभाळ."

शेवटी आत्याने आपल्या मनाने ठरवून टाकलं. गावाबाहेर म्हाताऱ्या बायकांसाठी एक निवास होता, सगळा तळमजल्यावर. तिथे महिनाअखेर एक खोली रिकामी होणार होती. "एकदाच मला खुर्चीत बसवून खाली न्या," ती म्हणाली. "मग ना जिन्याची कटकट, ना तुमच्या जिवाला घोर." आई म्हणाली, "ताई, घोर कोणाला आहे? तुम्ही नसलात की मी भांडू कोणाशी?" आत्या हसली, पण बेत बदलला नाही. टिटवी तिथून उठली. ती खोलीत येऊन माझ्यावर डोकं टेकून रडली. खारं पाणी आमच्या जातीला सोसत नाही, पण मी तरी काय करणार!

त्याच सुमारास टिटवीच्या मैत्रिणीने तिला एक खेळ दिला. "मी पुरा केलाय. तुला नाही जमायचा," असं वर सुनावलंही. भीतीचा खेळ होता तो. त्यात आपण स्वतः दिसत नाही, आपल्याच डोळ्यांनी सगळं बघायचं. पडद्याच्या तळाशी तेवढा आपला हात आणि हातात टॉर्च. सुरुवातीला एकदा आरशात आपला चेहरा दिसतो, मग एक ओस पडलेलं इस्पितळ सुरू होतं. तिथे कोणी अंगावर येत नाही, रक्त नाही, मारामारी नाही. फक्त मागून कोणाच्या तरी चपला फरफटत येतात. वळून बघावं तर कोणी नाही. पुढे निघालं की पुन्हा फरफट. बंद पडलेली घड्याळं जुळवायची, चित्रांचे तुकडे लावायचे, असं एकेक कोडं सुटलं की पुढचं दार उघडतं, आणि चपला आणखी जवळ येतात. त्या जितक्या जवळ, तितकी माझी मोटर जोरात.

टिटवी दुपारी पडदे ओढून खेळायची. खेळायची म्हणजे काय, किंचाळायची. एका लांब बोळाशी तिची गाडी अडली. बोळाच्या टोकाला खाली जाणारा जिना होता आणि जिन्याला कुलूपबंद जाळीचं दार. किल्ली काही सापडत नव्हती. ती सगळे दिवे लावून, सगळी दारं सताड उघडी टाकून या खोलीतून त्या खोलीत पळायची. ती पळाली की चपलाही पळायच्या. एकदा तिने घाबरून मला असं भिरकावलं की कपाटावर आपटून माझ्या डाव्या मुठीचा टवका उडाला.

पलंगावर पडल्या पडल्या आत्या म्हणाली, "अगं, डोळे मिटून पळतेस होय? कुणीही धडपडेल तशाने."

"तू खेळून बघ मग!"

"आण तो रिमोट."

मला रिमोट म्हणवून घेणं फारसं आवडलं नाही. पण आत्याने आधी माझ्या टवक्यावर औषधाच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, नीट, सुरकुती न पाडता. तेव्हापासून तिचं सगळं माफ. तिला दोन्ही दांड्या एकदम जमेनात. चालायला गेली की छताकडे बघायची, बघायला गेली की भिंतीवर आदळायची. टिटवी हसून लोळली. मग दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या आणि मला मध्ये धरलं. डावी मूठ आत्याची, उजवी टिटवीची.

"तू चाल, मी बघते," टिटवी म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारखे किती गेमपॅड असतील, पण एकाच वेळी दोन जिवांची भीती ज्याच्या अंगात उतरली असा मीच असेन. उजवीकडे टिटवीच्या तळहाताचा घाम. डावीकडे आत्याची कोरडी, थंड, थरथरणारी बोटं.

"आत्या, डावीकडे! दिसत नाही का तुला?"

"दाखवशील तर दिसेल ना! तू छत काय बघतेस, जळमटं काढायची आहेत का?"

आईने एकदा दारातून डोकावून पाहिलं. "एक ओरडते, दुसरी चालते. कुकरच्या शिट्ट्या मात्र मीच मोजायच्या," म्हणत ती परत गेली. पण मी पाहिलं, ती बराच वेळ दाराआड हसत उभी होती.

आत्याची एक खोड होती. खोलीतून बाहेर पडली की ती मागचं दार लावायची आणि दिवा घालवायची. पडद्यावरसुद्धा.

"आत्या, दिवा नको घालवू! वेड लागलंय का?"

"रिकाम्या खोलीत दिवा कशाला जळायला हवा? आणि दार कोणी उघडं टाकतं का?" जन्मभर वसतिगृहाची फेरी मारलेली बाई ती, तिच्या अंगठ्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. टिटवीने कपाळाला हात लावला. असं एकेक दार लावत, एकेक दिवा घालवत त्या बोळाच्या टोकाशी आल्या, आणि आत्याने बोळातलाही दिवा घालवला. टॉर्चही बंद करायला लावला.

"आता मागे वळून बघ. सावकाश."

टिटवीचा अंगठा हलेना. मग हलला. बोळ काळाठिक्कर. आणि दूर, जिथे दारच नव्हतं, नुसतं एक मोठं कपाट भिंतीला टेकून होतं, तिथे जमिनीलगत उजेडाची बारीक रेघ.

"बघितलंस?" आत्याचा आवाज एकदम तरुण झाला. "सगळीकडे अंधार केला की मगच कळतं, कुठल्या खोलीत कोण जागं आहे. माझ्या मुली पांघरुणात दिवा लपवायच्या, पण दाराखालची रेघ काही लपायची नाही. चल, त्या कपाटामागे कोणीतरी आहे."

"चल काय? मला नाही यायचं!"

"तू फक्त बघ. चालतेय मी."

कपाट सरकलं. आत एक इवलीशी खोली, मेणबत्ती, आणि जमिनीवर पाठमोरी बसलेली करड्या कपड्यातली बाई. पायांत झिजलेल्या चपला, मांडीवर किल्ली. तिने वळून बघितलं तेव्हा टिटवी किंचाळली नाही, हे तिच्या आयुष्यातलं पहिलं नवल. आरशात दिसलेला चेहरा आणि हा चेहरा एकच होता. "तू मला जिन्याशी सोडून पळालीस," ती बाई म्हणाली.

"म्हणजे... ही आपणच?" टिटवीने विचारलं.

आत्याची बोटं माझ्यावर आवळली गेली. मग ती म्हणाली, "बिचारी. नुसती सोबत हवी होती हिला."

किल्लीने जाळीचं दार उघडलं. त्या बाईचा हात धरून अंधारात जिना उतरायचा, हे शेवटचं. टॉर्च विझला. माझी मोटर जिवाच्या आकांताने धडधडत होती, आणि तेव्हाच मला एक गोष्ट जाणवली. थरथरत होतो तो मी एकटाच. डावीकडची बोटं स्थिर होती. आत्याचा अंगठा एकेक पायरी पुढे ढकलत होता, ना घाई, ना माघार. खाली पहाट होती, बाग होती. खेळ संपला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच निवासातून फोन आला: खोली झाडून ठेवली आहे, कधी येता? बाबा फोन हातात धरून आत्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"थोड्या वेळाने सांगते म्हणावं," आत्या म्हणाली आणि काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे ती थांबली. नेहमीसारखीच.

टिटवीने मला उचललं आणि धावत तिच्यापाशी नेलं. काठी काढून भिंतीला लावली, आत्याचा उजवा हात कठड्यावर ठेवला आणि डाव्या हातात मला दिलं. "आत्या, तू चाल, मी बघते," म्हणून ती पुढच्या पायरीवर आत्याकडे तोंड करून उलटी उभी राहिली.

त्या दिवशी मी कशालाच जोडलेला नव्हतो. ना तार, ना पडदा, मोटर बंद. पण आत्याच्या अंगठ्याने डावी दांडी पुढे ढकलली आणि तिचा पाय खाली उतरला. पुन्हा दांडी, पुन्हा पाय. मागून बाबा श्वास रोखून येत होते, त्यांच्यामागे पीठ लागलेल्या हातांनी आई.

पडली होती त्या वळणावर अंगठा थांबला. मग हळूच मागे आला. माझ्या अंगावर तिच्या तळहाताचा घाम उतरला.

"कोपऱ्यात काय आहे?" तिने विचारलं. डोळे मिटलेले होते.

टिटवीने प्रामाणिकपणे वळून बघितलं. "एक पायपुसणं आहे. आणि कोणाची तरी फुटकी बादली."

"आणि?"

"आणि कोणी नाही, आत्या. असेल तर तिलाही घेऊ सोबत."

आत्याने डोळे उघडले. त्या कोपऱ्याकडे तिने असं बघितलं, जसं एखाद्या रुसलेल्या मुलीकडे बघावं. "चल गं बाई," ती हळूच म्हणाली. कोणाला, ते मी विचारलं नाही. दांडी पुढे गेली.

वळण ओलांडून ती दोन पायऱ्या उतरली आणि अचानक पुन्हा थांबली. बाबांनी पटकन हात पुढे केला. आत्या वळली, कठडा धरून दोन्ही पायऱ्या परत चढली आणि जिन्यातल्या दिव्याचं बटण खटकन बंद केलं.

"भर दिवसा दिवा काय जाळताय? अरे, या इमारतीत कोणी बघतं की नाही?"

बाबा तिथेच पायरीवर बसले. ते हसत होते की रडत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खाली पोचल्यावर आत्या उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, "निवासात कळवून टाक. ती खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणावं."

पुढे माझे कामाचे दिवस सरले. नवा गेमपॅड आला, मी खणात गेलो. वर्षानुवर्षं माझ्यावर जुने रुमाल आणि निकामी चाव्या पडून होत्या. दुर्लक्षाचं दुःख मला होतं, खोटं कशाला बोलू? म्हणून तुम्हाला एवढंच मागणं: आम्हाला खणात टाकताना आतली बॅटरी काढून ठेवा, अधूनमधून पुसा. आणि घरात कोणी भीत असेल, मोठं माणूस असलं तरी, तर हसू नका. शेजारी बसा आणि त्याच्या भीतीची एक मूठ आपल्या हातात घ्या.

बाबांनी इमारतीतल्या लोकांच्या मागे लागून अखेर लिफ्ट बसवून घेतली, आणि ती बिघडली की आता त्यांनाच हाका मारतात. आईने चष्म्याचं स्वतःचं दुकान काढलं. दुपारी ती घरी आली की कुकर बाबा लावतात. आत्या बरीच वर्षं जगली. लिफ्ट असूनही जिन्यानेच जायची, जाता जाता मजल्यामजल्यावरचे दिवे घालवत. गेली ती आपल्या पलंगावर, दुपारच्या झोपेत. टिटवी आता पोहायला शिकवते. पाण्याला भिणाऱ्या मुलांना ती आधी काठावर आपल्या शेजारी बसवते.

परवा तिने मला खणातून काढलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं. माझी डावी दांडी झिजून सैल झाली आहे. खेळ सुरू केला की कोणी हात न लावता पडद्यावरचं माणूस सावकाश पुढे चालू लागतं.

"ही गेलीय," दुरुस्तीवाला म्हणाला. "बदलून टाकू?"

टिटवीने पांढऱ्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. "नको," ती म्हणाली. "आत्या चालतेय."

आणि तिने उजव्या दांडीवर अंगठा ठेवला.