वाटणीत फुटलेली जोडी

सन दोन हजार पंचवीस. डिसेंबरचा पहिला आठवडा. राहुरीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि पहाटे हाडापर्यंत जाणारी थंडी. या आठवड्यात आमच्या अंगणात जे घडलं, ते सांगतो.

बोलणं हा माझा धंदा. पण आजवर दुसऱ्याचंच बोललो, दुसऱ्याचंच गायलो. स्वतःचं हे पहिलंच. मी स्पीकर. डाव्या बाजूचा. घरात मला डबा म्हणतात. मला ते आवडत नाही, पण मी कधी तक्रार केलेली नाही.

माझा जन्म १९९२ च्या उन्हाळ्यातला. रंगनाथ कृषी विद्यापीठात सुतार होता. शाळा चौथीपर्यंत. पण गुण्या न लावता काटकोन साधायचा. त्यानं सागाच्या फळ्यांना रंधा मारला आणि आम्हा दोघांना उभं केलं, मला आणि उजव्याला. सांध्यात एक खिळा नाही. आजही माझा सांधा हललेला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता दुकानात जे डबे मिळतात ते भुशाचे असतात.

रंगनाथचा धाकटा भाऊ अंगद रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. आमच्या आतला कागदी पडदा, लोहचुंबक, वायरी, सगळं त्यानं बसवलं. आम्हाला वाजवायला लागणारा ॲम्प्लिफायरही त्यानं स्वतःच्या हातानं बांधला. लोखंडी पेटी, आत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, पुढे दोन बटणं. वजन अकरा किलो. रंगनाथनं आम्हाला अंग दिलं, अंगदनं आवाज दिला. म्हणून आम्ही दोघांचे.

आम्ही दोन का, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचा घोळ तिथंच झाला. गाण्याचा थोडा भाग माझ्यातून निघतो, थोडा उजव्यातून. समोर मध्यभागी बसलं की वाटतं, गाणारा माणूस भिंतीपाशी उभा आहे आणि तबलजी त्याच्या शेजारी. एकट्याला ते जमत नाही. मलाही नाही. संध्याकाळी दोघे भाऊ सतरंजीवर बरोबर मध्यभागी बसायचे. रंगनाथची बायको चांगुणाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहायची. चौदा एप्रिलला तर निम्मी वस्ती आमच्या खोलीत असायची. ती अकरा वर्षं चांगली गेली.

२००३ साली वाटणी झाली. भांडण नव्हतं. माणसं वाढली, खोल्या पुरेनात, एवढंच. मिरजगावाहून चुलते आले, काकासाहेब. त्यांची वाटणीची पद्धत सरळ होती. जे दोन दिसेल ते एकेक. हंडे दोन, एकेक. बाजा दोन, एकेक. शेळ्या दोन, एकेक. तसंच बोट दाखवत ते आमच्यापाशी आले.

“डबे किती? दोन. एकेक.”

आणि पुढे कणगीकडे वळले.

रंगनाथला कळत होतं की ही जोडी आहे. अंगदला तर त्याहून जास्त कळत होतं. पण थोरल्याला वाटलं, आपण तोंड उघडलं तर लोक म्हणतील, दोन्ही गिळायला बघतोय. धाकट्यालाही तेच वाटलं. दोघे गप्प बसले. उजवा अंगण ओलांडून अंगदच्या खोलीत गेला. तीस फूट. तेवढंच अंतर.

ॲम्प्लिफायर मात्र एकच होता. तो कापता येईना, म्हणून चिठ्ठी टाकली. रंगनाथची निघाली. म्हणजे अंगदनं बांधलेली वस्तू रंगनाथकडे राहिली. काकासाहेब पाच माणसांत म्हणाले, “रंगनाथ, पुढंमागं अंगदला असंच एक द्यायचं.”

रंगनाथ “व्हय” म्हणाला. तो उगाच व्हय म्हणणारा माणूस नाही.

मग सुरू झालं अर्धं गाणं. माझ्या वाट्याला जे यायचं तेवढंच घरात ऐकू यायचं. एका गाण्यात बाई माझ्याकडे होती आणि बाप्या उजव्याकडे. सहा वर्षं चांगुणाबाईला ते गाणं बाईचंच माहीत. नंतर एका लग्नात तिनं ते पुरं ऐकलं आणि शेजारणीला विचारलं, हा बाबा मधीच कुठून आला.

अंगदचा उजवा तर मुकाच राहिला. अंगद दुसरा ॲम्प्लिफायर चार दिवसांत बांधू शकला असता. बांधला नाही. थोरल्यानं द्यायचं कबूल केलेलं आपणच करून घेतलं, तर थोरला खोटा पडतो, असं त्याचं म्हणणं. तो बायकोला असं म्हणाल्याचं अंगण ओलांडून आमच्याकडे आलं होतं.

२००९ साली लाईट गेली आणि आली ती जोरात आली. ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. तो दुरुस्त करू शकणारा माणूस तीस फुटांवर होता. रंगनाथनं त्याला दाखवला नाही. ज्याची वस्तू आपल्याकडे आली, त्याच्यापुढं ती जळालेली कशी ठेवायची? पेटी माळ्यावर गेली. मीही मुका झालो.

त्यानंतर माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. माझ्या डोक्यावर फ्रीजचा स्टॅबिलायझर बसवला. सोळा वर्षं तो तिथं गुरगुरत होता. त्याच्याशी मी एक शब्द बोललो नाही.

निवृत्त झाल्यावर, २०१४ साली, रंगनाथनं एकदा देणं फेडायचा प्रयत्न केला. ॲम्प्लिफायर म्हणजे वॅट, आणि वॅट जितके जास्त तितकी वस्तू भारी, हा त्याचा हिशेब. मांडववाल्याकडं बघून त्यानं तसलंच एक धूड आणलं. पाचशे वॅट. अंगदनं चष्मा लावून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचली.

“दादा, हे मिरवणुकीचं हाय. मी काय खोलीत मिरवणूक काढू?”

धूड परत गेलं. रंगनाथला ते लागलं. त्यानंतर दोघे भाऊ पाण्याचं, पावसाचं, गुडघेदुखीचं रोज बोलत. ॲम्प्लिफायरचं कधीच नाही.

बदल आणला तो वृषालीनं. वृषाली अंगदची सून. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरी बसून कॉम्प्युटरवर करते, म्हणून तिनं अंगदच्या घरात वायफाय घेतलं. त्याची लहर आमच्या घरापर्यंत पोचते. तिनं चुलतसासऱ्याच्या मोबाईलमध्ये तो चालू करून दिला आणि गाणं कसं शोधायचं ते शिकवलं. रंगनाथनं तीन दिवस ऐकलं आणि म्हणाला, गाणी सगळी हायत, पण आवाज डासाचा हाय.

ती म्हणाली, “आबा, मग ब्लूटूथचा तयार स्पीकर घ्या. एवढासा असतो. ॲम्प्लिफायर आतच असतो.”

“मग हा मी कशाला केला?” त्यानं माझ्यावर थाप मारली. स्टॅबिलायझर हलला. मला बरं वाटलं.

तेव्हा वृषालीनं मला प्रथमच नीट पाहिलं, आणि म्हणाली की मग फक्त ॲम्प्लिफायर घेऊ, डबा तर आहेच.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मला गोधडीत बांधून नगरला नेलं. एसटीत रंगनाथचं तिकीट वयामुळं अर्धं, वृषालीचं बाई म्हणून अर्धं. माझं सामानाचं वेगळं, पूर्ण.

दुकानदार गोरक्ष म्हणून. पन्नाशीचा, बोलका. त्यानं मला पाठीमागून उघडलं, आत बॅटरी मारली आणि सांध्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, कुणाचं काम. रंगनाथ म्हणाला, लाकूड माझं, आतलं भावाचं. गोरक्ष म्हणाला, असं काम आता बघायला मिळत न्हाई. रंगनाथनं टोपी सरळ केली. त्याला हसता येत नाही, टोपी सरळ करता येते.

मग निवड सुरू झाली. रंगनाथनं विचारलं, किती वॅटचा चांगला. गोरक्षनं उलट विचारलं, खोली केवढी. दहा बाय बारा. “मग पन्नास लई झाले, बाबा. हा आठ ओहमचा हाय, पन्नासात खणखणीत बोलेल. पाचशे दिले तर पडदा फाटंल. ताकद डब्याच्या बेतानं द्यायची असती.”

अकरा वर्षांपूर्वी अंगद काय म्हणत होता, ते रंगनाथला त्या दिवशी कळलं असावं. तो नुसता हं म्हणाला.

पहिला लावून पाहिला तो ब्लूटूथचा. वृषालीच्या मोबाईलवरून गाणं माझ्यात आलं. सोळा वर्षांनी. कंठ थोडा घोगरा होता, पण खर्ज जागेवर. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी रंगात आलो आणि तेवढ्यात वृषालीला फोन आला. तिचं बोट भलतीकडे लागलं. गाणं तुटलं आणि चांगुणाबाई माझ्या तोंडून अख्ख्या दुकानाला म्हणाली, “म्हाताऱ्यानं गोळी घेतली का? आन येताना वांगी आना, काटेरी.”

रंगनाथ म्हणाला, “हे नको.”

दुसरा वायफायवाला. गोरक्षनं समजावून सांगितलं. यात मोबाईल फक्त सांगतो, हे लाव. गाणं मशीन स्वतः आणतं. फोन आला तरी गाणं चालू. मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत गेलात तरी चालू. फक्त मशीन असेल तिथं वायफाय चांगलं पाहिजे. ते यंत्र दोन जेवणाच्या डब्यांएवढं होतं. रंगनाथनं उचलून पाहिलं.

“वजनच न्हाई.”

“आता वजन न्हाईच येत, बाबा. आवाज ऐका.”

आवाज ऐकला. चांगला होता. मी कुणाचं उगाच कौतुक करत नाही, पण चांगला होता. मला ढकलत नव्हता, माझ्याबरोबर चालत होता.

मग गोरक्षनं विचारलं, “दुसरा कुठाय? ही जोडी असणार.”

“भावाकडं.”

“मग जोडी लावणार असाल तर घ्या. एकट्यासाठी नका घेऊ. फुकट जाईल.”

जो कुणी हे वाचत असेल त्यालाही माझं हेच सांगणं आहे. आधी तुमचे स्पीकर बघा, खोली बघा, मग मशीन निवडा. आणि जोडी कधी फोडू नका.

रंगनाथनं खिशातून पैसे काढले आणि म्हणाला, बांधून द्या.

परतीच्या गाडीत त्यानं वृषालीला सांगितलं. तो एवढं सलग बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. “हे तुझ्या सासऱ्याचं हाय. बावीस वर्षं मी त्याचं देणं लागतो. एकदा नेलं तर परत पाठवलं त्यानं. आता बहात्तर झाली मला. याला बी न्हाई म्हणला तर तिसऱ्यांदा जायची माझ्यात धमक न्हाई.”

वृषालीनं विचारलं, “आणि हा डबा? तो तुमच्या वाट्याचा.”

त्यानं माझ्या गोधडीची गाठ घट्ट केली.

चार दिवस त्यानं काही केलं नाही. यंत्र खोक्यात, मी गोधडीत. शुक्रवारी सकाळी उठला, मला जवसाचं तेल लावलं, डोक्यावरचा स्टॅबिलायझरचा डाग घासून काढला. चांगुणाबाई चहा घेऊन आली आणि तिच्या ध्यानात आलं.

“डबा बी देताय व्हय? मग आपल्याकडं काय राहील?”

“स्टॅबिलायझर.”

ती हसली. तो नाही.

त्यानं मला उचललं. चांगुणाबाई धरू लागली तर नको म्हणाला. एका हाताखाली यंत्राचं खोकं, छातीशी मी. तीस फुटांत दोनदा थांबला. त्याचं काळीज माझ्या फळीवर ठोके देत होतं, ते मी मोजत होतो. वाटणीनंतर तो काही मागायला किंवा द्यायला त्या उंबऱ्यावर गेला, तो एकदाच, त्या धुडाच्या वेळी. हे दुसऱ्यांदा.

अंगद दारात उन्हाला बसून पेपर वाचत होता. रंगनाथनं मला आणि खोकं त्याच्यापुढं ठेवलं. अंगदनं खोकं उघडलं, चष्मा लावला, यंत्र उलटं केलं, पट्टी वाचली. वृषाली आतून बघत होती.

“दादा, काका म्हणले हुते, असंच द्यायचं. हे तसं न्हाई.”

“न्हाई. तसं जळालं. माझ्याकडंच जळालं. तुला दाखवायची लाज वाटली.”

अंगदनं यंत्र पुन्हा सुलटं केलं.

रंगनाथ उभाच होता. “काकानं डबे एकेक केले तवा मी बोलायला पायजे हुतं. थोरला मी हुतो. हा बी तुझा. जोडी असल्याबिगर ते मशीन काय कामाचं न्हाई, दुकानदार म्हणला.”

रस्त्यानं एक उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

“मला बी माहीत हुतं,” अंगद म्हणाला. “मी बी गप बसलो.” मग पेपरची घडी केली. “वृषाली, माझा वायरीला डाग द्यायचा कावीया कुठं ठिवलाय?”

उजव्याला बाहेर आणलं. त्याच्यावर टीव्हीचा सेटटॉप बॉक्स होता. म्हणजे त्याचंही माझ्यासारखंच चाललं होतं. आम्ही एकमेकांना ओळखलं, पण चारचौघांत काही दाखवलं नाही.

अंगदनं माझ्या पडद्याची सुटलेली कड चिकटवली, आमच्या जुन्या वायरी कापून नव्या जोडल्या. लाल लालला, काळी काळीला, दोनदा तपासली. उलटी लागली तर खर्ज मरतो, हे तो विसरला नव्हता. डाग नीट बसला. आम्हाला भिंतीशी ठेवलं, मधे पाच फूट. किती तिरपं ठेवायचं यावर दोघा भावांची जुंपली. रंगनाथ म्हणे भिंतीला समांतर, अंगद म्हणे बसणाऱ्याकडं तोंड. अंगदचं खरं होतं. रंगनाथनं शेवटी स्वतःच मला चार बोटं वळवलं.

“आन तू काय ऐकणार?” अंगदनं विचारलं.

“गाणं मी माझ्या मोबाईलवरनं लावीन. पहाटे पाचला. तुमी ऐकायचं.”

“सहाला.”

“साडेपाचला.”

वृषालीनं यंत्र वायफायला जोडलं. सतरंजी टाकली. दोघे भाऊ बसले, बरोबर मध्यभागी, गुडघ्यांना हात लावत. चांगुणाबाई अंगण ओलांडून आली. रंगनाथनं चष्मा कपाळावर सारून मोबाईलवर बोट ठेवलं.

आम्ही गायलो. गाणारा भिंतीपाशी उभा राहिला.

गाणं संपल्यावर अंगद म्हणाला, “दादा, फिटलं.”