गुडघे टेकायचा कठडा

मी अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या एका लहानशा गावच्या चर्चमधला कठडा बोलतोय. वेदीपुढचा, ज्याला धरून माणसं गुडघे टेकतात तो. गावकऱ्यांनीच मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं आणि त्यांच्याच तळव्यांनी मी गुळगुळीत झालो.

आमच्याकडे प्रवचन संपलं की पियानो वाजतो आणि पास्टर हाक देतात, "मनावर ओझं असेल त्याने पुढे यावं." कुणी दारू सुटावी म्हणून येतं, कुणी सुनेशी पटावं म्हणून. एक आजीबाई तर दर रविवारी यायच्या. त्यांची पापं काही संपता संपत नसत. मी स्वतःला मोठा पुण्यवान समजत असे.

मग इराकची लढाई आली. त्या रविवारी पास्टर स्ट्राउड गरजले, "ही लढाई देवाची आहे!" पियानो सुरू झाला आणि टोबिन प्रुइट उठून आला. कॉलेजच्या फीसाठी तो राखीव सैन्यात गेला होता, आणि आता निघायचा हुकूम आला होता. घामेजल्या हातांनी त्याने मला घट्ट धरलं.

"पास्टर, माझ्याच्याने माणूस मारवणार नाही. 'खून करू नकोस' हे तुम्हीच शिकवलंत ना? हा माझ्या श्रद्धेचा प्रश्न आहे असं तुम्ही सैन्याला लिहून दिलंत तर ते ऐकतील माझं."

पियानोच्या आवाजात मागच्यांना ते कळलं नाही, पण पास्टरांनी नीट ऐकलं. "ही भीती सैतान घालतो, बाळा," ते पुटपुटले, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून सभेला म्हणाले, "टोबिन देवाच्या लढाईला निघालाय!"

रीतीप्रमाणे सगळे पुढे धावले आणि त्याच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थना करू लागले. त्याची आई व्हर्ना रडत म्हणाली, "माझं लेकरू देवाने निवडलं!" पुढे मी, मागे ते हात, टोबिनला उठताच येईना. ते आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वर्षभराने तो परतला. सभेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो माझ्यापाशी आला, पण गुडघे टेकले नाहीत.

"आमच्या तपासणी नाक्यावर एक गाडी थांबली नाही. मी गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर दोन लहान पोरी होत्या."

"देव क्षमा करतो, बाळा."

"देवाला कशाला मध्ये घालताय? मी तुम्हाला विचारलं होतं."

टाळ्या थांबल्या. पियानोवाल्या बाईंनी मात्र सवयीने पुढचं गाणं सुरू केलं. टोबिन निघून गेला, तो पुन्हा आला नाही.

आता पास्टर म्हातारे झालेत, आणि लढाई नवी आहे. गेल्या रविवारी त्यांनी तशीच हाक दिली. तीन पोरं उठली. मला पाय असते तर मी बाजूला झालो असतो. पण मागच्या बाकावरून व्हर्ना झपाझप आली आणि माझ्याकडे पाठ करून, पोरांच्या आणि माझ्या मधे आडवी उभी राहिली.

"हात नंतर ठेवा, पास्टर," ती म्हणाली. "आधी विचारा, कशाला आलीत ती."