उन्हात तापवलेले सेल

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, जिंतूरला, मी हातात मावणारा गेमचा कम्प्युटर बनवत होतो. त्याच्या जोडणीचा नकाशा सगळ्यांना फुकट वाटायचा होता. प्रोसेसर दोन, एक वेगवान, एक हळू; त्यातला एक निवडायचा, म्हणून दोन यंत्रं जोडली. मन मात्र वेगवानावरच बसलं होतं.

सगुणावहिनींनी यंत्रांतले नवे सेल काढून रेडिओत घातले आणि रेडिओचे उतरलेले, उन्हात तापवलेले सेल यंत्रांत बसवले. मी लय भडकलो. चालू केलं, तर वेगवान यंत्र ढिम्म. हळू यंत्रावर गेममधला साप मजेत सरपटायलाय! गावोगाव तर असलेच सेल.

नकाशावर लिहिलं, ‘प्रोसेसर निवडला सगुणाबाईंनी. उपकार.’

वहिनी म्हणाल्या, “उपकार तर तुमचे, भावजी. विद्यापीठाचं नामांतर झाल्याची बातमी तुमच्याच सेलांवर ऐकली.”