शुभांगीचं लाल कार्ड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. गोळी घेतली म्हणणाऱ्या पेशंटच्या उशीखाली हात घालून बघायची सवय तिथली. आमचे आनंदराव म्हणतात, तू दुधाच्या पिशवीलासुद्धा कुठून आलीस म्हणून विचारतेस.

निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून दर गुरुवारी दवाखान्याच्या बोटीवर बिनपगारी जाऊ लागले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने ज्या गावांचे रस्ते तोडले, तिथे एका संस्थेची ही बोट फिरते. आत एक खाट, खाटेला पडदा, ऑक्सिजनचं सिलिंडर, औषधांचं कपाट, डॉक्टर अतुल आणि मी. बोट चालवायला सोमाजी. हा माणूस पाण्यावरच वाढलेला, बोलणं कमी.

शुभांगी तिसऱ्या थांब्यावर चढायची. सोबत सासू कुंताबाई, न चुकता. शुभांगीकडे सिकलसेलचं लाल कार्ड होतं. आमच्याकडे हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे. अंग ठणकतं, डोळे पिवळे पडतात, रक्त टिकत नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेत शिबिर झालं तेव्हा गावाला कार्डं वाटली होती. पांढरं निरोग्याला, पिवळं ज्याच्यामुळे आजार मुलांत उतरू शकतो त्याला, लाल रोग्याला. तेव्हापासून स्थळ बघताना मुलीच्या फोटोसोबत कार्डही मागतात.

पण ही लाल कार्डवाली बाई धान रोवण्याच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकलेली असायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेअकरा. अतुल म्हणाला, "औषध लागू पडलंय, मॅडम." मला काही ते पटलं नाही. दुखतं कुठे विचारलं की ती आधी सासूकडे बघायची, मग पाठ म्हणायची. पुढच्या गुरुवारी गुडघा.

तिची नणंद गुड्डी एकदा बोटीवर आली होती. काडीसारखी पोर, डोळे पिवळट. मी विचारलं तर कुंताबाई म्हणाली, "उपास लय करते जी. लग्न हाये ना तिचं." लग्न ठरलं होतं सोमाजीच्याच मुलाशी, भूपेंद्रशी. गुड्डीचं कार्ड पांढरं होतं. मी ते पाहिलं आणि विषय सोडला.

पोळ्यानंतर शुभांगीला दिवस गेल्याचं कळलं. सिकलसेलची ती कॅप्सूल पोटातल्या बाळाला बरी नाही. अतुलने तिला समजावून सांगितलं, मी कार्डावर लिहून दिलं. आता बंद. तिने मान हलवली. आणि पुढच्या गुरुवारी ही बाई माझ्यासमोर हात पसरून उभी.

"सिस्टर, कॅप्सूल द्या ना."

"बंद सांगितली ना तुला?"

"बंद केल्यापासून पाठ दुखून राहिली जी. थोड्याच द्या."

माझ्या डोक्यात नको ते आलं. हिला मूल नको आहे. मी तिथेच, भरल्या बोटीत विचारलं, "पोट पाडायचंय का तुला?"

शुभांगीचा चेहरा उतरला. नातवाचा विषय निघाला तरी कुंताबाई पाण्याकडे बघत बसली. म्हणजे सासूही सामील, मी मनात म्हटलं. "बोट दे, पुन्हा रक्त तपासू," म्हटलं तर शुभांगीने हात पदराखाली लपवला. मग तर माझी खात्रीच झाली. कपाटाला कुलूप घातलं आणि अतुललाही सांगून ठेवलं, हिने कितीही गयावया केली तरी द्यायची नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. एक बाळ वाचवलं, असंच वाटत होतं.

त्यानंतरच्या चौथ्या गुरुवारी अतुल रजेवर होता. तिसऱ्या थांब्यावर दोघी सासू-सुना गुड्डीला खाटेवर घालून घेऊन आल्या. छाती धरून कण्हत होती. बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन ब्याऐंशी. मी नळी लावली, सलाईन जोडलं, सोमाजीला म्हटलं, थांबू नको, सरळ पवनीला घे. मग अतुलला फोन लावला.

"सिकलसेल आहे का हिला?" त्याने विचारलं. "असेल तर एक मिनिट घालवू नका. मी पवनीत सांगून नागपूरला न्यायची गाडी तयार ठेवतो."

मी कुंताबाईकडे पाहिलं. तिने पांढरं कार्ड पुढे केलं. "तिले तसलं काही नाही जी. वात हाये," ती म्हणाली आणि सोमाजीच्या पाठीकडे बघू लागली. तो चार हातांवर होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

शुभांगीने ब्लाउजमधून लाल कार्ड काढलं आणि गुड्डीच्या छातीवर ठेवलं.

"हे हिचं हाये, सिस्टर. शिबिरात माझं बोट हिच्या नावानं टोचलं, हिचं माझ्या नावानं. माझं तं लग्न झालंच होतं."

"चूप बस वो," कुंताबाई म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडू लागली.

इंजिनाचा आवाज पडला. बोट हळू झाली. मला वाटलं, हा आता वळवतो. मी सोमाजीच्या पाठीवरून नजर काढली नाही. मग त्याने इंजिन पूर्ण वेगाने पवनीकडे सोडलं. मी अतुलला सांगितलं, "हो. आहे."

पवनीच्या घाटावर सोमाजीनेच गुड्डीला उचलून गाडीत ठेवलं. परत येताना पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "आमच्या भूपेंद्रचं कार्ड काढलंच नाही जी. पोराचं कोण मागते?"

गुड्डी अकरा दिवसांनी नागपूरहून घरी आली. लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही. पण पुढच्याच गुरुवारी सोमाजीने भूपेंद्रला माझ्यासमोर आणून बसवला आणि म्हणाला, "टोचा."

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. ज्या कॅप्सूलवर ती पोर उभी होती, त्या मी कुलपात ठेवल्या होत्या. तिचे पिवळे डोळे समोर दिसत असताना मी कार्डाचा रंग बघितला होता. आयुष्यभर माणसांवर संशय घेतला, कागदावर एकदाही नाही.

शुभांगी आली ती एकटी. कुंताबाई लेकीजवळ होती. शुभांगीच्या स्वतःच्या नावाचं नवं पांढरं कार्ड मी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मी तुझ्याबद्दल फार वाईट विचार केला. मला माफ कर."

"संशय तं बरोबरच होता तुमचा," ती म्हणाली. "मीच वाट पाहत होती, का सिस्टर कधी विचारते म्हणून."

"विचारलं होतं ना मी तुला. कितीदा."

"सासूसमोर विचारलं जी. दर वेळी."

ती उतरून गेली. मी खाटेपाशी उभी राहिले. पडदा बोटीवर पहिल्या दिवसापासून आहे.