कोपरा कापलेलं कार्ड

संयोगिताच्या हाताला खोड म्हणाल तर एकच होती. कार्डावर स्पंजानं शाई टिपताना ती डाव्या अंगठ्यानं कार्डाचा वरचा कोपरा दाबून धरायची, आणि काम संपेपर्यंत त्या कोपऱ्यावर अंगठ्याचा निळा डाग उमटायचाच. चिंधी गुंडाळून बघितली, चिमट्यानं धरून बघितलं, वर पट्टी ठेवून बघितली. अंगठा काही ऐकेना. शेवटी एक दिवस वैतागून तिनं कात्री घेतली आणि कोपराच तिरका छाटून टाकला. छाटलेल्या कडेवर जरा चंदेरी शाई टिपली. आणि काय सांगायचं, कार्ड आधीपेक्षा देखणं दिसायला लागलं!

राजारामपुरीतला दुकानदार तिची कार्डं विकायचा. तो तर खूशच झाला. "वैनी, ही कट मारल्याली कार्डं लई चालाय लागल्यात. दिवाळीची तीनशे अशीच करा."

हे नव्व्याण्णव सालचं. शिवाजी पेठेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, नवरा उद्यमनगरात लेथवर, आणि दिवसभर ही बाई जमिनीवर पाट मांडून कार्डं करत बसलेली. छाप सगळे घरचे. झिजलेल्या हवाई चपलेचा तळ ब्लेडनं कोरून तिनं पणती केली होती, कमळ केलं होतं, आकाशकंदील केला होता. नवरा म्हणायचा, "घरात एक चप्पल धड ठिवली न्हाईस, उद्या मी अनवाणी जातो कामावर." फाटक्या उशीतल्या स्पंजाचे तुकडे बशीतल्या शाईत बुडवायचे, रद्दीवर झटकायचे आणि मग हलक्या हातानं कार्डावर टिपत जायचं. वर फिकट, खाली येईल तसं गडद. असं काळंनिळं आभाळ झालं की त्यावर पिवळे कंदील. छाटलेले कोपरे ती बिस्किटाच्या डब्यात टाकायची. कागदाचा कपटा टाकून देणं तिच्या जिवावर यायचं.

दरसाल दिवाळीआधी ती आठवडाभर माहेरी जायची. माहेर शाहूवाडीच्या वरच्या अंगाला, सोळा उंबऱ्यांची वाडी. तिथं आई बाळाबाई एकटीच. धाकटा भाऊ आकाराम पलटणीत. त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई झाली, थांबली, पण त्याची पलटण अजून वर बर्फातच होती, आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. म्हातारी रोज पायवाटेकडं डोळे लावून बसायची. अशा वेळी लेकीनं जायला पाहिजे होतं की नको? पण तीनशे कार्डांची घाई. मग संयोगितानं काय केलं, तर गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं उठलेलं एक कार्ड निवडलं. आईला अक्षर वाचता येत नाही, पण रंग तर दिसेल. आत लिहिलं, 'आई, दिवाळीच्या शुभेच्छा. पाडवा झाला की येते. आकारामचं पत्र आलं की कळव.' आणि पेटीत टाकलं.

आठव्या दिवशी खालच्या किराणा दुकानात तिला फोन आला. मलकापुरातनं चुलतभाऊ जोतीराम बोलत होता.

"संयोगे, आकाराम कवा गेला गं?"

तिनं दुकानाचं फळकूट धरलं. "कुठं गेला?"

"कुठं गेला काय? आमी भावकी हाय न्हवं? सरळ कळवायचं हुतंस."

"दादा, काय बोलतोयस? तुला कुणी सांगितलं?"

"आता गं! तुझंच पत्र आलंय की! कोपरा तोडल्यालं. वर आणि काळंनिळं. आत दिवाळीच्या शुभेच्छा काय लिवल्यास, याड लागलंय काय तुला? तीन दिस झालं, म्हातारीनं अन्न सोडलंय."

फोन ठेवल्यावर दुकानदारीण दोनदा विचारत होती, काय झालं वैनी, काय झालं. संयोगिता आपल्या डाव्या अंगठ्याकडं बघत राहिली. नखात शाई होती.

वाडीत कुणी गेल्याचं पत्र कोपरा फाडून धाडतात. हे शिकवावं लागत नाही. अडाण्यालाही हातात घेतल्या घेतल्या कळतं. असलं पत्र घरात नेत नाहीत. अंगणातच वाचायचं आणि तिथंच टाकायचं. शहरात टेलिफोन आले, तारा आल्या, हे सगळं मागं पडलं. पण संयोगिताला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तिलाच तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

ती आठ वर्षांची होती. वडील, हंबीरराव, लांब धरणाच्या कामावर होते. एक दिवस कार्ड आलं, कोपरा फाटलेलं. आई ते घेऊन शाळेच्या मास्तरांकडं गेली. मास्तरांनी वाचलं आणि बघितलं, समोर एकटी बाई, कडेवर एक, पदराला एक. त्यांना धीर झाला नाही. म्हणाले, "हंबीरराव आजारी हायत, भेटायला बोलावलंय." आईनं विचारलं, मग कोपरा का फाटलाय? मास्तर म्हणाले, "वाटंत फाटला आसंल, जोतिबाशपथ." आईनं गुळाच्या पोळ्या केल्या, कारण आजाऱ्याला गोड खावंसं वाटतं. दोन एसट्या बदलून ती पोरांना घेऊन पोचली, तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता, राखही सावडून झाली होती. पोळ्या फडक्यात तशाच. त्या दिवसापासून बाळाबाई एकच सांगायची, वाचणारा खोटं बोलतो, कोपरा खोटं बोलत नाही.

आणि हे सगळं डोळ्यांनी बघितलेल्या लेकीनं, छान दिसतो म्हणून, तीनशे कोपरे छाटले. इतकंच नाही, त्यातला एक आईच्या हातात दिला. हिला म्हणावं तरी काय!

त्याच दिवशी ती वाडीत पोचली तेव्हा दुपार कलली होती. कार्ड अंगणात एका दगडाखाली पडलं होतं. पोस्टमन बाळासो एरवी पत्र वाचून दाखवूनच पुढं जायचा. त्या दिवशी सणाची पत्रं फार म्हणून पाकीट हातात देऊन निघून गेला होता. आई सोप्यात, ओसरीच्या उघड्या जमिनीवर बसली होती. चुलीत पाणी ओतलेलं दिसत होतं. शेजारच्या अंबूकाकी उंबऱ्यात उभ्या राहून वैतागानं बोलत होत्या, "आगं, शाळंतल्या पोरीकडनं सतरांदा वाचून दावलं हिला! ऐकंल तर शपथ."

"आये," संयोगिता खाली बसली. "आकाराम बरा हाय. ते नुसतं दिवाळीचं कार्ड हाय. मी केलंय, माझ्या हातानं."

आईनं तिच्या तोंडावरनं हात फिरवला. "तूबी मास्तरावानीच निघालीस व्हय?"

"खरं बोलतो गं. जोतिबाशपथ!"

"शपथ मास्तरानंबी घातलती."

"कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा डाग पडतोय, म्हणून कापतो मी. सगळ्याच कार्डांचा कापतो. दुकानात तीनशे पडल्यात तसली!"

आईनं तिचा हात हातात घेतला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुला ठाव हाय न्हवं, तोडल्याला कोपरा म्हंजे काय ते? तवा तू माझा पदर धरून हुतीस. पोळ्यांचं फडकं तुझ्याच डोक्यावर हुतं."

"व्हय."

"मग ठाव आसून कोण तोडंल? याडं बी तोडायचं न्हाय. तुला तोंडानं सांगवंना, म्हणून तू कोपरा तोडून धाडलास. कळतंय मला. मी काय रागावलो न्हाय तुझ्यावर."

आई म्हणत होती ते इतकं सरळ होतं की त्यापुढं खरं तेच खोटं वाटत होतं. मला ठाऊक होतं पण सुचलं नाही, असं म्हणावं तर संयोगिताला स्वतःलाच पटत नव्हतं.

"घोटभर दूध तर घे."

"कडू घास झाल्याबिगर कसं घिऊ?"

घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. भावकीतलं कुणीतरी भाकरी-पिठलं आणतं आणि दुःखातल्या माणसाला पहिला घास स्वतःच्या हातानं भरवतं. तो कडू घास. तो घेतला की मग माणूस जेवायला मोकळं. बाळाबाई त्याची वाट बघत होती. आणि वाडीत एकहीजण तो द्यायला तयार नव्हता. जित्या पोराचा कडू घास कोण देणार? ज्यानं त्यानं कानाला हात लावले. मलकापूरचा डॉक्टर येऊन गेला होता. म्हातारीनं सुई टोचू दिली नव्हती. डॉक्टर जाताना जोतीरामला म्हणाला, अजून दोन-तीन दिवस, पुढचं मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं संयोगिता ते कार्ड घेऊन कोल्हापूरला परतली आणि स्टँडावरनं थेट सैनिकांच्या कचेरीत गेली. कारकून भला माणूस होता. त्यानं वही काढली, नाव बघितलं, नंबर बघितला.

"बाई, तुमच्या भावाची काय बी खबर न्हाय. म्हंजे बरी खबर हाय."

"तेवढं कागदावर लिहून द्या. वर शिक्का मारा."

"काय लिहू?"

"जिवंत हाय म्हणून."

कारकुनानं पेनाला टोपण लावलं. "मेल्याचा कागद येतोय आमच्याकडं. जिता आसल्याचा कागद कुठनं आणू? वर तार करतो. उत्तर यायला पंधरा दिवस तरी धरा."

पंधरा दिवस! ती तिथंच बाकावर बसली. बाहेर दसऱ्यानंतरचं स्वच्छ ऊन पडलं होतं आणि रस्त्यावर आकाशकंदील लटकायला लागले होते. तिला काहीच सुचत नव्हतं. आणि सुचलं ते असलं, की दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

घरी येऊन तिनं बिस्किटाचा डबा जमिनीवर पालथा केला. तीनशे त्रिकोणी कपटे. त्यातला एक आईच्या कार्डाचा. एकेक कपटा उचलायचा, कार्डाच्या कापलेल्या कडेला लावून बघायचा, आणि बाजूला ठेवायचा. कडेवर नंतर टिपलेली चंदेरी शाई ओल्या बोळ्यानं पुसून काढली. खालचं आभाळ दिसायला लागलं. कुठं रंग जुळायचा तर कड जुळायची नाही. कड जुळायची तर रंग फिका. नवरा कामावरनं आला, काही न विचारता समोर बसला आणि तोही एकेक कपटा पुढं करायला लागला. दोनशे-सव्वादोनशे झाले असतील. एक बसला. अंगठ्याच्या डागाची अर्धी रेघ कपट्यावर, अर्धी कार्डाच्या चंदेरी पुसलेल्या कडेवर, आणि दोन्ही मिळून एक अंगठा झाला. संयोगिता मोठ्यानं ओरडली, "सापडला!" मागनं पातळ कागदाची पट्टी लावून तिनं तो खळीनं चिकटवला, वर जड वही ठेवली, आणि सांध्यावर स्पंजानं इतक्या हलक्या हातानं निळं टिपलं की नवऱ्यालाही सांधा दाखवता येईना. इतकं बारीक काम तिनं कधी केलं नव्हतं.

ती वाडीत पोचली तो म्हातारीनं अन्न सोडल्याचा सहावा दिवस. आईला आता भिंतीला टेकवून बसवावं लागत होतं.

"हे बघ आये. हाय की न्हाय सगळं? चार कोपरं. चारीच्या चारी!"

बाळाबाईच्या डोळ्यांनी आता नीट दिसत नव्हतं. तिनं कार्ड मांडीवर घेतलं. पहिला कोपरा चाचपला. दुसरा चाचपला. तिसरा. चौथ्यावर तिचा अंगठा थांबला, मागं गेला, परत पुढं आला. भात लावून, भात कापून त्या अंगठ्याचं कातडं जाड झालं होतं, पण ते सगळं ओळखत होतं.

"चिकटिवल्यालं हाय," ती म्हणाली.

संयोगितानं मान खाली घातली.

"लई निगुतीनं चिकटिवलंस बाय. माझ्यासाठी किती करशील?"

मग इतके दिवस जे झालं नव्हतं ते झालं. संयोगिताला रडू फुटलं. भावासाठी नव्हे. थकून, हरून, स्वतःच्या अंगठ्याच्या रागानं ती हुंदके देऊन रडायला लागली. थांबता थांबेना. आईनं तिचं डोकं छातीशी ओढलं आणि थोपटायला लागली.

"रड, रड. भाऊ हुता तुझा. आता खरं बोललीस बघ."

"आये, न्हाय गं! त्यासाठी न्हाय!"

"आसूं दे, आसूं दे." आईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आता कडू घास दे मला. तुझ्या हातचा. भूक लागलीया गं."

भूक लागलीया. सहा दिवसांत पहिल्यांदा. संयोगितानं अंबूकाकींकडं बघितलं. काकी म्हणाल्या, "माझ्या चुलीवर कर जा. मी न्हाय बघायची." आणि पदर तोंडाला लावून त्या गोठ्याकडं निघून गेल्या.

भाकरी थापताना तिचे हात नीट चालत होते, याचाच तिला राग आला. पिठलं ढवळताना ती मनातल्या मनात म्हणत होती, आकाराम, तुला काय बी होऊ नये, तुला काय बी होऊ नये. ताट घेऊन ती आईसमोर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि पुढं केला. बाळाबाईनं तोंड उघडलं. हळूहळू चावलं आणि गिळलं. तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली.

मग तिनं ताटातला एक तुकडा उचलला आणि लेकीच्या तोंडाशी नेला.

"घे. बहीण हायस, तुलाबी घ्यायला पायजे."

"मला नको आये."

"तू घेतल्याबिगर मी दुसरा घास घ्यायची न्हाय."

संयोगितानं दारातनं खाली पायवाटेकडं बघितलं. पोस्टमनची यायची वेळ उलटून गेली होती. वाटेवर कुणी नव्हतं. आईचा हात पुढंच होता. तिनं तोंड उघडलं.